पाडकामाच्या शहरातलं दुरुस्तीपर्व

१८६२ साली सर बार्टल फ्रिअर मुंबईचे गव्हर्नर झाले आणि त्यांनी किल्ल्याचे तट पाडायला काढले. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता आणि त्या तुटवड्याचा पैसा मुंबईच्या पेढ्यांत येऊन पडत होता. श्रीमंत झालेल्या शहराला तटबंदीच्या आतली गर्दी सोसवेना. अपोलो गेट, चर्च गेट आणि बझार गेट ही तिन्ही दारं गेली, खंदक बुजवले गेले. त्या मोकळ्या झालेल्या जमिनीवर पुढच्या दोन दशकांत हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर आणि टपाल-तार खात्याच्या इमारती उभ्या राहिल्या. १८६२ मध्येच, १९ नोव्हेंबरला, याच फ्रिअरसाहेबांनी भायखळ्याच्या राणीच्या बागेत एका संग्रहालयाची कोनशिलाही बसवली.

म्हणजे आज पर्यटक मान वर करून जे पाहतात ते फोर्ट एका मोठ्या पाडकामातून जन्मलेलं आहे. ‘जुनं ते सगळं राखा’ म्हणणाऱ्याला मुंबईचा इतिहास साथ देत नाही. काय पाडायचं, काय ठेवायचं आणि ते कुणी ठरवायचं, हे मात्र पुढची सव्वाशे वर्षं शहरानं नीट विचारलंच नाही. मालकाच्या मनात आलं की इमारत जायची. हे विचारणं कायद्यानं भाग पडलं ते १९९५ मध्ये. त्यानंतरच्या पंचवीसेक वर्षांत मुंबईनं दुरुस्तीची विद्या पुन्हा कमावली. ती कशी कमावली आणि कुठे कमी पडली, हे दोन्ही सांगण्यासारखं आहे.

भायखळ्याच्या त्या संग्रहालयाचं नशीब पहिल्यापासूनच खडतर होतं. लंडन आणि पॅरिसच्या प्रदर्शनांसाठी हिंदुस्थानातून कारागिरीच्या वस्तू गोळा करण्यात आल्या होत्या. त्यांच्यासारख्याच वस्तू मुंबईतही ठेवाव्यात, या कल्पनेतून फोर्टमधल्या लष्करी बराकीत एक छोटा संग्रह उभा राहिला. १८५७चा उठाव झाला, लष्कराला जागा हवी झाली आणि वस्तू अक्षरशः बाहेर फेकल्या गेल्या. जे हाती लागलं ते डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी पुन्हा जमवलं. नव्या इमारतीसाठी वर्गणी गोळा करायला जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड पुढे झाले. भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे डॉक्टर, शिलालेख वाचणारे संशोधक आणि गरिबांना फुकट औषध देणारे गृहस्थ. पण १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला आणि शेअरबाजारही बुडाला. त्यात भाऊंचंही मोठं नुकसान झालं. काम रखडलं, सरकारनं खर्च उचलला आणि संग्रहालय २ मे १८७२ रोजी लोकांसाठी उघडलं.

बाहेरून साधी, प्रमाणबद्ध इमारत. आत गेलं की दोन मजले उंच दालन, बिडाचे नक्षीदार खांब, वरून फिरणारी गॅलरी, पायाखाली इंग्लंडहून आलेल्या मिंटन फरशा आणि डोक्यावर रंगीत छत. आवारात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. तो १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायचा घाट घातला होता. उचलताना क्रेन मोडली, हत्ती पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे पन्नास वर्षं पडून राहिले आणि १९१४ मध्ये कुणीतरी ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. या शहरातल्या दुरुस्तीच्या जुन्या नोंदींत ही नोंद पहिल्या ओळींत यावी.

१९७५ मध्ये संग्रहालयाला भाऊ दाजींचं नाव मिळालं, पण इमारतीकडे बघायला कुणाला सवड नव्हती. छत गळायचं, भिंतींना ओल आली होती, जुन्या नक्षीवर रंगाचे हात चढत गेले होते. राणीच्या बागेत माकडं आणि हत्ती पाहायला आलेली कुटुंबं उन्हाचा ताप झाला की संग्रहालयात शिरायची आणि पंख्याखाली बसून बाहेर पडायची.

अर्थात, हे दुर्लक्ष एकट्या संग्रहालयाच्या वाट्याला आलं नव्हतं. त्यामागे शहरभर लागू असलेलं एक कारण होतं. युद्धकाळातली टंचाई आणि फाळणीनंतरचे लोंढे यांमुळे भाडेकरूला संरक्षण हवंच होतं. ते १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यानं दिलं, पण भाडं १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवून टाकलं. महिन्याला पाच-दहा रुपये भाडं घेणारा मालक तुळया कशाला बदलेल? त्यानं दुरुस्ती थांबवली, भाडेकरूनं आपल्या खोलीपुरता रंग दिला आणि जिना, गच्ची, संडास, पाण्याची टाकी यांना वालीच उरला नाही. इमारती पडू लागल्या. १९६९ मध्ये सरकारनं दुरुस्ती आणि पुनर्रचना मंडळ स्थापलं आणि दुरुस्तीसाठी उपकर बसवला. शहर विभागातल्या अशा उपकरप्राप्त इमारतींची संख्या होती १९,६४२. मंडळानं कामं केली, असंख्य जिने आणि गच्च्या टेकूवर का होईना उभ्या ठेवल्या. पण उपकर तुटपुंजा आणि काम अफाट. मग १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत कलम ३३(७) आलं. जुन्या भाडेकरूंना नवी घरं द्या आणि वरचा वाढीव एफएसआय, म्हणजे बांधकामाचा जादा हक्क, विका, असा तो व्यवहार. १९९९ मध्ये हा एफएसआय अडीचपर्यंत गेला. त्या दिवसापासून जुन्या इमारतीची किंमत तिच्या जागी काय बांधता येईल यावर ठरू लागली. डागडुजीत कुणालाच पैसा दिसेना.

नेमक्या याच काळात उलट्या दिशेनं काम करणारे काही लोक शहरात होते. त्यांत श्याम चैनानी यांचं नाव पहिल्यांदा घ्यायला हवं. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपचे चैनानी वर्षानुवर्षं मंत्रालयाचे आणि महापालिकेचे उंबरे झिजवत राहिले. पत्रं लिहायची, नियमांचे मसुदे तयार करून द्यायचे, अधिकाऱ्यांना पटवायचं आणि नाहीच पटलं तर कोर्टात जायचं, अशी त्यांची पद्धत. इनटॅकसारख्या संस्था, काही वास्तुरचनाकार आणि इतिहासाचे अभ्यासक रस्तोरस्ती फिरून यादी करत होते. ताजमहाल किंवा रायगड पुरातत्त्व खात्याच्या कायद्यात बसतो. पण गिरगावातलं घर, फोर्टमधली पेढी, काळा घोड्याचं वाचनालय हे कुठल्याच कायद्यात बसत नव्हतं. वापरात असलेल्या, खासगी मालकीच्या इमारतींना संरक्षण द्यायचं होतं.

एप्रिल १९९५ मध्ये मुंबईचे वारसा नियम लागू झाले. भारतातल्या कुठल्याही शहराचे हे पहिले. सहाशेहून अधिक इमारती आणि परिसर यादीत आले आणि त्यांच्या श्रेणी ठरल्या. पहिल्या श्रेणीला हात लावायचा नाही, दुसरीत आतले बदल तपासून, तिसरीत थोडी मोकळीक. वारसा समितीची परवानगी सक्तीची झाली. मालकाचा बांधकामाचा हक्क बुडतो म्हणून तो टीडीआरच्या रूपात दुसरीकडे वापरायची सोयही केली गेली. शहाणपणाची तरतूद होती ती, कारण निव्वळ मनाई केली की मालक इमारत पडायचीच वाट पाहतो. तरी कायद्यानं थांबवता येतं, दुरुस्त करता येत नाही. दुरुस्तीला पैसा लागतो आणि हात लागतात. मुंबईत दोन्हींची वानवा होती.

भाऊ दाजी लाड संग्रहालयानं ती कोंडी फोडली. फेब्रुवारी २००३ मध्ये महापालिका, इनटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. इमारत पालिकेची, पैशाचा मोठा वाटा फाउंडेशनचा आणि देखरेख जाणकारांची. कलेच्या इतिहासाच्या अभ्यासक तस्नीम झकारिया मेहता यांनी हे काम लावून धरलं होतं. वास्तुसंवर्धनाची जबाबदारी विकास दिलावरी यांच्याकडे होती.

जुन्या इमारतीचं काम नव्या बांधकामापेक्षा वेगळं का, हे भिंतीच्या एका हातभर तुकड्यात दिसतं. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते. पावसाळ्यात ती ओल घेते आणि उन्हात सोडते. त्या भिंतीवर विसाव्या शतकात कुणी सिमेंटचा गिलावा मारला, वर ऑइलपेंट दिला की ओल आत कोंडते. क्षार बाहेर येतात, पोपडे सुटतात, विटा भुसभुशीत होतात. लोक म्हणतात, इमारत म्हातारी झाली. खरं तर तिचा श्वास कोंडलेला असतो. म्हणून संवर्धनात पहिलं काम काढायचं असतं. सिमेंट खरवडून काढा, तुंबलेले पन्हाळे मोकळे करा, छपराची गळती थांबवा. मग चुना. तो विरवून ठेवायचा, घाण्यात वाळू आणि विटांच्या सुरकीबरोबर दळायचा. गूळ आणि बेलफळाचं पाणी त्यात घालायची जुनी रीत आहे. चुन्याला घाई चालत नाही. एक थर सुकल्याशिवाय दुसरा देता येत नाही आणि सुकताना त्यावर पाणी शिंपडत राहावं लागतं. ठेकेदाराच्या वेळापत्रकात हे बसत नाही, म्हणूनच त्याला सिमेंट प्रिय.

रंगाचंही तसंच. भिंतीच्या कोपऱ्यात बोटभर जागा धारदार पात्यानं थरथर सोलत गेलं की शंभर-सव्वाशे वर्षांचे रंग एकाखाली एक दिसू लागतात. सगळ्यांत खालचा रंग मूळचा. भायखळ्याच्या संग्रहालयात छतावरची मूळची साच्याची नक्षी, खांबांच्या माथ्यांवरचा सोन्याचा वर्ख, लाकडी कपाटांचं पॉलिश आणि पायाखालच्या फरशा असं सगळं याच पद्धतीनं धीमेपणानं परत आणलं. हजारो वस्तूंची साफसफाई आणि डागडुजी वेगळीच: मातीच्या छोट्या मूर्ती, पगड्यांचे नमुने, नकाशे, हस्तिदंती काम. २००५ मध्येच युनेस्कोनं आशिया-प्रशांत विभागातला वारसा संवर्धनाचा सर्वोच्च पुरस्कार या कामाला दिला आणि जानेवारी २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडलं.

पुरस्कारापेक्षा मोठी गोष्ट घडली ती कारागिरांत. चुना, बिडाचं ओतकाम, रंगीत काच, वर्ख, सागवानी सुतारकाम जाणणारे हात या कामात एकत्र आले, काही नव्यानं तयार झाले. एकदा असं काम पार पडलं की पुढच्या मालकाला ‘हे होऊ शकतं’ असं बोट दाखवून सांगता येतं.

दुसरा धडा रस्त्यावर गिरवला गेला. दादाभाई नौरोजी रस्ता, म्हणजे जुना हॉर्नबी रोड. १८९६ मध्ये इथे नियम झाला की प्रत्येक नव्या इमारतीनं तळाशी पादचाऱ्यांसाठी कमानींचा सलग पडवीवजा मार्ग ठेवायचा. त्यामुळेच बोरीबंदरपासून फ्लोरा फाउंटनपर्यंत पावसात न भिजता चालता येतं. नव्वदच्या दशकात या कमानी दिसेनाशा झाल्या होत्या. प्रत्येक दुकानाची पाटी शेजाऱ्यापेक्षा मोठी, दगडी नक्षीवर ठोकलेले लोखंडी सांगाडे, त्यांवर एसीचे डबे आणि वायरींची जाळी. वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांच्या पाहणीतून दुकानदारांसाठी साधे नियम तयार झाले. पाटी कमानीच्या आतल्या मोकळ्या भागात बसवा, दगड झाकू नका, खिळे ठोकू नका. दुकानदारांशी दारोदार बोलणी झाली आणि बऱ्याच जणांनी पदरचे पैसे घालून पाट्या बदलल्या. एकही इमारत नव्यानं बांधली नाही, तरी रस्ता नवा दिसू लागला. वारसा म्हणजे श्रीमंतांचं खूळ, हा समज या रस्त्यावरच्या चष्म्याच्या आणि कापडाच्या दुकानदारांनी खोटा ठरवला.

ऑपेरा हाउसची कथा जास्त लांबलेली. कलकत्त्याचे नाट्यव्यावसायिक मॉरिस बँडमन आणि मुंबईचे जहांगीर फ्रामजी कराका यांनी हे नाट्यगृह उभारलं. १९११ मध्ये राजे पंचम जॉर्ज आले तेव्हा काम पुरं व्हायचं होतं, तरी उद्‌घाटन उरकून घेतलं. युरोपातल्यासारखे बॉक्स, घुमटाकार छत, झुंबरं, आणि रंगमंचावर मात्र बालगंधर्व, दीनानाथ मंगेशकर, पृथ्वीराज कपूर. पुढे बोलपट आले, नाट्यगृहाचं सिनेमागृह झालं, रचना बदलली. १९५२ मध्ये ते गोंडलच्या महाराजांनी घेतलं. मग घरोघर व्हिडिओ आला, तिकीटबारी आटली आणि १९९३ मध्ये दारं बंद झाली.

बंद इमारत वापरातल्या इमारतीपेक्षा लवकर मरते. खिडकी फुटली तर कुणाच्या लक्षात येत नाही, गच्चीवरच्या फटीत पिंपळ रुजतो तो कुणी उपटत नाही, वाळवीला तर मोकळं रान मिळतं. चर्नी रोडच्या त्या चौकाला ‘ऑपेरा हाउस’ हे नाव राहिलं, बसचे कंडक्टर ते पुकारत राहिले. पण त्या नावाची इमारत आतून ढासळत होती. ही जागा विकून टॉवर बांधला असता तर पैसा अमाप मिळाला असता. वारसा यादीमुळे तो मार्ग अवघड झाला होता हे खरं, पण नुसतं कुलूप लावून बसणंही मालकांच्या हाती होतं. गोंडल कुटुंबानं दुरुस्तीचा मार्ग निवडला आणि काम लांबा यांच्याकडे सोपवलं. २०१२ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडानं जगभरातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत ऑपेरा हाउस घातलं. आधी इमारत पडणार नाही एवढी मजबूत करायची, मग छप्पर, मग आतला साज, हा क्रम सोडला नाही. सिनेमाच्या काळातले बदल काढून जुन्या छायाचित्रांच्या आधारानं बॉक्स आणि नक्षी पुन्हा घडवली. ऑक्टोबर २०१६ मध्ये, तेवीस वर्षांनी, पडदा वर गेला. मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ तिथे गायल्या. ५७५ खुर्च्यांचं हे नाट्यगृह आज कार्यक्रमांवर चालतं आणि म्हणूनच टिकून आहे.

२०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला, एकूण ९४ इमारतींना, जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांतल्या मरीन ड्राइव्हच्या आणि ओव्हलच्या आर्ट डेको घरांत माणसं आजही राहतात, स्वयंपाक करतात, गॅलरीत कपडे वाळत घालतात. या नामांकनासाठी रहिवाशांच्या संघटनांनी अनेक वर्षं खपून कागदपत्रं उभी केली होती.

इथवरची गोष्ट अभिमानाची. पण ती शहराच्या एका टोकाची आहे, हे लपवून चालणार नाही.

गिरणगावात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. १९८२च्या संपानंतर गिरण्या मोडकळीला आल्या. १९९१च्या नियमांत गिरण्यांच्या जमिनीतला मोठा वाटा मोकळ्या जागेला आणि सार्वजनिक घरांना मिळायचा होता. २००१च्या दुरुस्तीनं तो वाटा आक्रसला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती दुरुस्ती टिकली. काळ्या दगडाच्या करवतछपरी शेड, उंच धुराडी, चौक्या, घड्याळं असं किती काही वाचवता आलं असतं! त्यांतलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंच राहिलं. गिरगावच्या खोताच्या वाडीत लाकडी जिन्यांची आणि रंगीत ओसऱ्यांची ६५च्या आसपास घरं होती. आता त्यांतली निम्मीही नाहीत.

आणि चाळी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात बांधल्या गेल्या. एकूण २०७ इमारती, १६० चौरस फुटांच्या खोल्या आणि मजल्याच्या टोकाला सामाईक संडास. तिथे तीन पिढ्या दाटीवाटीनं राहिलेल्या घरातल्या बाईला ‘ही वास्तू जपा’ असं सांगायचा अधिकार कुणाला आहे? तिला स्वतःचं न्हाणीघर हवं आहे आणि ते मिळालंच पाहिजे. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातली हुसेनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसं गेली. शंभरी ओलांडलेली ती इमारत होती. अशा मृत्यूंनंतर संवर्धनाची भाषा लोकांना निर्दय वाटते आणि तो दोष भाषेचा नाही. सगळी ताकद राजेशाही घुमटांवर खर्च करून सामान्य इमारतींची दुरुस्ती वाऱ्यावर सोडली, त्याचा तो दोष आहे. संग्रहालयाला उद्योगसमूह भेटला, ऑपेरा हाउसला राजघराणं भेटलं. चार मजली चाळीला कोण भेटतं? तिला फक्त विकासक भेटतो.

या पर्वाचं खरं अपयश इथे आहे. पाडायला सवलत आहे, एफएसआय आहे, बँकेचं कर्ज आहे. दुरुस्त करणाऱ्या सामान्य मालकाला किंवा सोसायटीला यातलं काहीच सहज मिळत नाही. दुरुस्तीला पुनर्विकासाइतकीच सवलत मिळाली असती, तर कितीतरी धडधाकट इमारती आजही उभ्या राहिल्या असत्या आणि त्यांतल्या माणसांना वर्षानुवर्षं संक्रमण शिबिरांत काढावी लागली नसती.

मुंबईत ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. त्या अहवालात इमारतीची वर्गवारी येते. सी-वन म्हणजे राहण्यास धोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-टू म्हणजे मोठी दुरुस्ती करून ठेवता येण्याजोगी. सी-थ्री म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. या तीन खान्यांतला फरक सोसायटीच्या किती सभासदांना ठाऊक असतो? पुनर्विकासाच्या ठरावावर सही करण्याआधी वाचकांनी एवढं तरी करावं. आपली इमारत कोणत्या वर्गात आहे, ते अहवालात स्वतः वाचावं. सी-टू किंवा सी-थ्री असेल तर विकासकाच्या प्रस्तावाशेजारी दुरुस्तीचं लेखी अंदाजपत्रक मागावं, तेही जुनी बांधकामं हाताळलेल्या अभियंत्याकडून. दोन्ही कागद सभेपुढे ठेवून मगच मत द्यावं.